त्यांची सही, माझी तारीख

खडक मुळातच तुटलेला होता की आमच्या यंत्राने तोडला, एवढाच काय तो प्रश्न. आणि ह्या एवढ्याशा प्रश्नावरून मी एका माणसावर अकरा महिने डूख धरला. डूखच म्हणते मी. राग म्हटलं की तो चहाच्या कपाबरोबर उतरतो. माझा उतरला नाही, आणि उतरू नये म्हणून मी त्याची नीट काळजी घेतली.

मी कऱ्हाडची. भूगर्भशास्त्रात शिक्षण झालं, दोन वर्षं धरणाच्या कामावर काढली, मग लग्न झालं आणि नवऱ्याला जयपूरच्या एका कंप्युटर कंपनीत नोकरी लागली. जवाहर नगरात घर घेतलं भाड्याने. मुलगी लहान, मी घरी. वर्षभरात मी इतकी चिडचिडी झाले की नवरा ऑफिसातून मुद्दाम उशिरा यायला लागला. अशात मराठी मंडळाच्या गणपतीत, आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, एक गृहस्थ मला म्हणाले, "तू जिऑलॉजी केलंयस ना? मग घरी बसून काय पोहे परततेस? सोमवारी ये ऑफिसला." हेच सर. पुढे ज्यांच्यावर मी डूख धरला ते हेच. मला कामावर आणलं त्यांनीच, हे मी नाकारत नाही.

ऑफिस राजा पार्कात होतं. खाली साड्यांचं दुकान, वर आम्ही. आमचं काम काय, तर राज्याच्या दक्षिण टोकाला एक नवी अणुभट्टी यायची होती, तिच्यासाठी जागा तपासायची. लोकांना वाटतं, कुणीतरी मोठा माणूस नकाशावर बोट ठेवतो आणि भिंती चढायला लागतात. कसलं काय! भट्टी उभी राहायच्या आधी वर्षानुवर्षं नुसती जमीनच तपासत बसतात. खाली खडक कसा आहे, पाणी कुठून झिरपतं, जमीन हादरली तर काय होईल. हे सगळं कागदावर येतं, मग बाहेरच्या तज्ज्ञांची समिती ते कागद उलटेपालटे करून बघते, आणि मग कुठे पुढची हालचाल.

खडक तपासतात तो असा. जमिनीत पोकळ नळीचं यंत्र घालायचं, आणि ते फिरत फिरत खाली गेलं की नळीत खडकाचा दांडा येतो. मनगटाएवढा जाड. ते दांडे लाकडी पेट्यांत ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडायचे. आता दांडा काही सलग निघत नाही, मध्येमध्ये तुटतो. तर प्रत्येक तुटलेल्या जागी वाकून बघायचं आणि ठरवायचं, ही फट जमिनीत होतीच, की यंत्राच्या धक्क्याने दांडा आत्ता मोडला? यंत्राने मोडला असेल तर खडकाचा काही दोष नाही, सोडून द्यायचं. फट आधीपासूनची असेल तर खडकाचे मार्क कापायचे. सगळा हिशोब ह्या एका निवाड्यावर. म्हणून निवाडा करणारा माणूस यंत्राशेजारी बसलेला असावा लागतो, दांडा बाहेर येताना त्याने डोळ्यांनी बघावा लागतो, आणि तक्त्याच्या खाली 'नोंद करणारा' म्हणून त्याचीच सही लागते. ती बसणारी मी होते. दिवाळीनंतर दीड महिना, डोक्याला ओढणी बांधून, धूळ खात.

आणि मला हे काम इतकं आवडत होतं की विचारू नका. कारण ह्याच्या शेवटाला एक गोष्ट होती, ती मला हवी होती. जागा पक्की झाली की भट्टीच्या इमारतीसाठी प्रचंड खड्डा खणतात. तळाचा खडक झाडून, धुऊन स्वच्छ करतात, आणि काँक्रीट ओतायच्या आधी एक जण त्या तळावर चालत, रांगत, त्यातली एकेक रेघ हाताने नकाशावर उतरवतो. त्यानंतर काँक्रीट पडतं आणि तो खडक पुन्हा कुणाला दिसत नाही. भट्टी उभी असेपर्यंत नाही, म्हणजे माझ्या मुलीच्या मुलांनासुद्धा नाही. तो नकाशा करायला मिळणं म्हणजे आमच्या धंद्यात काय असतं ते कसं सांगू! तो नकाशा करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव सरांनी घातलं होतं. घरी येऊन मी शिरा केला होता त्या दिवशी.

भट्टीची इमारत जिथे यायची, बरोब्बर तिथल्या बोअरमध्ये मला तो पट्टा दिसला. दांडा चारपाच ठिकाणी तुटलेला. मी तुकडे ओले केले. आमच्यात पहिलं काम तेच, कोरडा दगड काही सांगत नाही, सगळे सारखेच करडे दिसतात. ओला केला की बोलायला लागतो. तर ओल्या तुकड्यांच्या तोंडावर तपकिरी डाग होता, लोखंडाच्या गंजासारखा, आणि बोटाला बारीक चिकणमाती लागत होती. म्हणजे त्या फटींतून कधीचं पाणी वाहतंय. यंत्राने मोडलेला दगड साखरेसारखा स्वच्छ असतो, त्याला गंज कुठून येणार? शेजारच्या दोन बोअरांत बघितलं, तिथेही तेच, जरा खालच्या पातळीला. तिन्ही जोडले की भट्टीखालून तिरका गेलेला कच्च्या खडकाचा पट्टा.

नशिबाने सर त्याच दिवशी एका दिवसासाठी जागेवर आले होते. मी त्यांना तुकडे हातात दिले. त्यांनी बोट फिरवलं, चिखल बोटाला लागला, तो त्यांनी रुमालाला पुसला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणाले, "हं. बघतो मी. तू एवढ्यात कुणाला काही लिहू नकोस." मी तक्ता भरला होता तो त्यांनी बरोबर नेला. मी माझ्या खिशातल्या डायरीत पेन्सिलीने लिहिलं: सरांना दाखवलं, थांब म्हणाले. वर तारीख घातली. सवयच होती.

जयपूरला परत आले तर टाइप केलेला तक्ता माझ्या टेबलावर. मी जिथे जिथे 'मूळची फट' लिहिलं होतं तिथे तिथे 'यंत्राने तुटलेले'. खडकाला फर्स्ट क्लास! आणि खाली 'नोंद करणारा' म्हणून नाव सरांचं.

मी तडक त्यांच्या केबिनमध्ये गेले. "सर, हा माझा तक्ता नाही."

"नाहीच आहे," ते शांतपणे म्हणाले. "माझा आहे. उद्या समितीने उलटतपासणी घेतली तर तू उत्तरं देणार आहेस? म्हणून माझं नाव घातलं. तुझ्याच भल्यासाठी."

"पण सर, तो गंज..."

"अगं, इमारत चारशे मीटर सरकवायची म्हणजे काय ते कळतं का तुला? सगळे बोअर नव्याने. वर्ष जाईल. मी वर शब्द दिलाय." पुढच्या वर्षी ते निवृत्त व्हायचे होते आणि त्यानंतर त्याच कामावर सल्लागाराची खुर्ची त्यांना मिळायची होती. तो शब्द कशासाठी दिला होता ते अख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं. मी म्हटलं, सर, हे चुकतंय. ते फाइल उघडून वाचायला लागले.

तिथवर ठीक होतं. म्हणजे ठीक नव्हतं, पण मी भांडले असते, लिहिलं असतं, वर गेले असते. सरळ मार्गाने गेले असते. पण सोमवारच्या बैठकीत, पंधरावीस माणसांसमोर, मी तोंड उघडण्याच्या आधीच ते हसत हसत म्हणाले, "मॅडम को तो हर पत्थर में दरार दिखती है. घर में पता नहीं क्या हाल होगा!" सगळे हसले. चहावाला भैयासुद्धा हसला. मीही हसले, ह्याचा मला आजही संताप येतो. कशाला हसलीस गं भवाने?

आणि मग संक्रांतीचं हळदीकुंकू. सरांच्याच घरी. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि बायकांच्या घोळक्यात लाडाने म्हणाल्या, "काय गं, तुला म्हणे दगडात भुतं दिसतात?" काकू वाईट नाहीत. नवऱ्याने घरी येऊन जे सांगितलं तेच त्या बोलल्या. म्हणजे हा माणूस घरी जेवताना माझी टिंगल करत होता! मी तिळगूळ तोंडात टाकला आणि म्हटलं, "हो ना काकू, तुम्हालाही दाखवीन एकदा." तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्या आठवड्यात मला बोअरच्या कामावरून काढून अहवालाचे पृष्ठक्रमांक तपासायला बसवलं, आणि खड्ड्याच्या यादीतून माझं नाव गेलं. कारण दिलं, मॅडमना मुलगी लहान आहे.

मुलगी लहान आहे म्हणे! त्यांना मुलीची काळजी.

नवरा साधा माणूस. तो म्हणाला, "एक ईमेल टाक ना समितीला. फोटो आहेत तुझ्या फोनमध्ये, डायरी आहे. पाच मिनिटांचं काम."

"आणि मग?"

"मग ते तपासतील."

"मग सर म्हणणार, हो हो, आमच्याही लक्षात आलंच होतं, बरं झालं मॅडमनी आठवण केली. तक्ता बदलणार, परत स्वतःची सही ठोकणार, परत शाबासकी घेणार. नाही. मला चारचौघांत पाहिजे. जसं त्यांनी केलं तसं."

"मतलब तू त्यांना मारणार आहेस?" मुलगी खोलीतून ओरडली. तिचं मराठी असंच, अर्धं शाळेतलं हिंदी.

"नाही गं राणी," मी म्हटलं. "त्यांना सही करायला लावणार आहे."

कारण पृष्ठक्रमांकाच्या टेबलावर बसल्यावर मला एक गोष्ट कळली होती. परिशिष्टाचं, म्हणजे ह्या तक्त्यांचं, प्रत्येक पान माझ्या हातून जात होतं, आणि टाइप केलेल्या नावाशेजारी सही अजून व्हायची होती. सर कधी त्या यंत्राशेजारी बसले नव्हते, पण नाव त्यांना सगळीकडे हवं होतं. घ्या म्हटलं. पोटभर घ्या. मी पानांना पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या आणि गठ्ठा घेऊन केबिनमध्ये गेले. "सर, इथे. आणि इथे. नोंद करणारा म्हणून. ह्या बोअरलाही सर, हा मुख्य आहे, पूर्ण सही करा, नुसती आद्याक्षरं नकोत." इतकी गोड मी लग्नात सासूशी बोलले नव्हते. ते खुशीत होते. म्हणाले, "शहाणी झालीस बघ." मी म्हटलं, "तुमच्यामुळेच सर." एकेक सही वाळेपर्यंत मी पान हातात धरून उभी राहायची, शाई फिसकटायला नको म्हणून.

दुसरी काळजी पेट्यांची. पेट्या सांगानेरच्या पुढे एका पत्र्याच्या गोदामात होत्या. उद्या सरांनी 'चाचणीला पाठवल्या' म्हणून त्या गायब केल्या तर माझं सगळं मुसळ केरात. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा मी गोदामात जायची. पेट्यांवरचे क्रमांक जुळवते असं सांगायची, आणि ते माझं कामच होतं. चौकीदारासाठी कचोऱ्या न्यायची. माझी पेटी मी खालच्या फळीवर, भिंतीकडे सरकवून ठेवली होती. झाकण उघडायचं, तुकडे आहेत ना बघायचं, झाकण लावायचं. वैशाखात त्या पत्र्याखाली उभं राहवत नाही, घाम डोळ्यांत उतरतो, धूळ दातांत कचकचते. मी उभी राहायची. तुकड्यांवर इतकी धूळ बसली होती की त्यांच्यात काही दोष आहे असं देवालाही वाटलं नसतं. मी ती पुसायची नाही. बसू दे म्हटलं.

ह्या काळात आराखडेवाले त्याच जागेवरची इमारत कागदावर काढत होते. भिंती, पाया, नळ्यांचे मार्ग, सगळं त्या कच्च्या पट्ट्याच्या डोक्यावर. मला माहीत होतं. रोज नवे आराखडे माझ्याच टेबलावरून क्रमांक पडून जात होते. आणि खरं सांगते, मला वाईट वाटायच्या ऐवजी बरं वाटायचं. चढू दे अजून. जितकं चढेल तितकं सरांच्या अंगावर पडेल, एवढंच माझ्या डोक्यात.

नवरात्रात समिती आली. तिघं जण. अध्यक्षा एक वयस्क बाई होत्या, सुती साडीवर धावायचे बूट घातलेल्या. त्या बोलत कमी आणि बघत फार. ऑफिसात पुढे केलेला नाश्ता त्यांनी बाजूला सारला आणि हिंदीत म्हणाल्या, पेट्या दाखवा. सर त्यांना घेऊन गोदामात गेले, मागे आम्ही सगळे. सरांनी छान छान पेट्या पुढे काढून ठेवल्या होत्या. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. "भट्टीच्या मध्यावरचा बोअर," त्या म्हणाल्या.

मी खाली वाकून पेटी ओढली. झाकणही मीच उघडलं. आनंदाने, भीतीने नाही.

"ह्याची नोंद कुणी केली?" बाईंनी विचारलं.

"मी स्वतः," सर म्हणाले. छाती काढून म्हणाले. "सगळ्या मुख्य बोअरांना मी स्वतः बसलो होतो."

"पाणी आहे का?"

सर म्हणाले, इथे नळ नाही, मागवतो. मी पर्समधून कुंड्यांवर मारायची फवाऱ्याची बाटली काढली आणि बाईंच्या हातात दिली. सरांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा नीट पाहिलं. तेवढ्या एका नजरेसाठी मी तो उन्हाळा काढला होता, आणि मला ती पुरली नाही, अजून हवी होती.

बाईंनी दोन फवारे मारले. धूळ ओघळली आणि तपकिरी डाग वर आला. एका तुकड्यावर, मग दुसऱ्यावर, मग सगळ्यांवर. बाईंनी बोट फिरवलं, बोट अंगठ्यावर चोळलं, आणि ते बोट सरांच्या चेहऱ्यासमोर धरलं. "हे यंत्राने तोडलंय?"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सरांचा चेहरा उतरला, ते म्हणाले, "नजरचूक झाली असेल. धावपळ होती. माझ्या कुणी लक्षात आणून दिलं नाही."

कुणी लक्षात आणून दिलं नाही! ज्या रुमालाला चिखल पुसला तो ह्यांच्या खिशात असेल आत्ताही.

बाई माझ्याकडे वळल्या. मी बाटली घेऊन आले होते, म्हणजे मला काहीतरी माहीत होतं, हे कळायला त्यांना फार वेळ लागला नसणार. मी तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "आत्ता नाही. दोघंही लिहून द्या. वेगवेगळ्या खोल्यांत, एकेक पान. हे पहिल्यांदा कधी पाहिलंत आणि मग काय केलंत." मग माझ्याजवळ येऊन जरा हळू म्हणाल्या, "तुमची नजर चांगली आहे. आज पहिल्यांदा पाहिलं असेल तर खड्ड्याचा नकाशा करायला मला तुम्ही हव्यात. पण ह्या कामाचा एक नियम आहे, तुम्हाला ठाऊक असेल. जो बघतो तो त्याच दिवशी लिहितो. जो माहीत असून गप्प बसतो त्याला मी खड्ड्याच्या काठावरसुद्धा उभं करत नाही. मग तो कुणीही असो."

मी मान डोलावली. नियम मला ठाऊक होता. पहिल्या नोकरीत पहिल्याच दिवशी शिकवला होता. अकरा महिने मी सगळ्याचा विचार केला होता, पेटीचा, पाण्याचा, सह्यांचा, चौकीदाराच्या कचोऱ्यांचा. मला कुणी 'कधी' असं विचारेल ह्याचा केला नव्हता. इतकी मी सरांकडे बघत बसले होते.

ऑफिसात मला फायलींच्या खोलीत बसवलं. कोरा कागद पुढ्यात. दहा मिनिटांनी दार लोटून सर आत आले. त्यांचा कागद अजून कोराच होता, हातात गुंडाळी करून धरलेला.

"आजच पाहिलंस असं लिही," ते मराठीत म्हणाले. बाहेर कुणाला कळलं नसतं. "मी नजरचूक लिहितो. माझ्या वयाला नजरचूक माफ असते, एखादं पत्र देतील हातात आणि विसरतील. तुला खड्डा मिळेल. तुला हवा होता ना? इमारत काय, सरकेलच आता." जरा थांबून म्हणाले, "दोघंही सुटू, अगं. आपण इथे परक्या गावात चार मराठी माणसं."

ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "काकूंना तुझं किती कौतुक आहे." आणि गेले. म्हणजे त्यांना खात्री होती. मी खड्ड्यासाठी काहीही लिहीन अशी त्यांची खात्रीच होती. आणि त्यांचं फारसं चुकलंही नव्हतं, कारण पहिला अर्धा तास मी तेच लिहायला बसले होते.

खड्डा डोळ्यांसमोर होता. धुतलेला खडक, त्यावर मी गुडघ्यांवर, हातात पाटी. एक शब्द लिहायचा होता फक्त. 'आज.' कुणाचं वाईट होणार नव्हतं. जागा वाचलीच होती, इमारत सरकणारच होती. कुणी तपासणार नव्हतं, डायरी माझ्या पर्समध्ये, फोटो माझ्या फोनमध्ये. पण मी 'आज' लिहिलं की त्यांचं खरं झालं असतं. कुणी लक्षात आणून दिलं नाही, हे खरं झालं असतं. नजरचूक! हा माणूस हार घालून घेऊन निवृत्त झाला असता आणि मंडळाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे बघून हसला असता, कारण मला वाचवलं असतं त्यानेच.

मी तारीख लिहिली. दिवाळीनंतरची, खरी. सरांच्या हातात तुकडा दिला, त्यांनी बोट फिरवलं, चिखल रुमालाला पुसला, थांब म्हणाले. माझा तक्ता बदलला. मी गप्प राहिले. डायरीच्या पानाची झेरॉक्स जोडली, फोटो जोडले, आणि पान बाईंना नेऊन दिलं. त्यांनी वाचलं. तारखेवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे लिहिलंत त्याबद्दल आदर आहे. पण नियम तोच."

"माहीत आहे," मी म्हटलं.

सरांना महिन्याभरात घरी बसवलं. निरोप नाही, हार नाही, सल्लागाराची खुर्ची नाही. मलाही त्या कामावरून काढलं. आता मी जगतपुऱ्याच्या बाजूला उंच इमारतींचे पाये तपासते. भट्टीची इमारत नकाशावर सरकली, तिथला खडक चांगला निघाला म्हणे. मंडळात माझं फार नाव झालं. बाईने हातातलं काम गमावलं पण खोटं लिहिलं नाही, असं सगळे सांगतात. शाळेत मुलीच्या बाईंनीही माझं उदाहरण दिलं. नवऱ्याला तर खरंच वाटतं की मला शेवटी उपरती झाली. मी कुणाला काही सांगत नाही. उपरती कसली? त्या बंद खोलीत मला बुडवल्याशिवाय त्यांना बुडवता येत नव्हतं, म्हणून दोघांना बुडवलं. तो खडक, ते गाव, भट्टी, नियम, ह्यातलं काही तेव्हा माझ्या मनात नव्हतं. अकरा महिने मी ज्या पट्ट्यावर इमारत चढू दिली तो पट्टा मला नंतर आठवला, घरी आल्यावर.

मध्ये काही वर्षं गेली. गेल्या महिन्यात ऑफिसातल्या जुन्या एकाचा फोन आला की तिकडे पहिलं काँक्रीट पडलं. खड्ड्याचा नकाशा कुण्या पोरीने केला, फार सुंदर केला म्हणाला, दोन महिने रांगत होती. मी स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभी राहिले आणि ढसाढसा रडले. तो खडक आता गेला. मला कधीच दिसणार नाही. मुलगी घाबरून आली, तिला हाताने बाहेर घालवलं. मग डोळे पुसले आणि त्याच जुन्या सहकाऱ्याला परत फोन लावला. विचारलं, काँक्रीटच्या समारंभाला जुन्या लोकांना बोलावलं होतं का? म्हणाला, हो, बऱ्याच जणांना. सरांना?

नाही म्हणाला. सर तीन दिवस आधी स्वतः फोन करून विचारत होते, येऊ का म्हणून. त्यांना नको म्हणून सांगितलं.

मी फोन ठेवला, तोंड धुतलं, आणि पोटभर जेवले.